मर्यादित जागा

"वाचाचं काही नाही ताई त्याच्यात. खाली तुमचं नाव टाईप करूनच आणलं आहे, त्याच्यावर सही मारा फक्त," असं म्हणत आनंदरावांनी तो कागद प्रेमिलाच्या कीबोर्डवरच ठेवला.

आनंदराव कंपनीचे सुरक्षा अधिकारी. एरवी ते काटोल रोडवरच्या कारखान्यात असायचे. धरमपेठेतल्या मुख्य कार्यालयात आले की प्रत्येकाच्या टेबलाशी थांबायचे, चहा प्यायचे आणि मग सावकाश कामाचं बोलायचे. आज ते थेट तिच्याकडे आले होते आणि खुर्ची ओढून बसलेही नव्हते.

प्रेमिला रामटेके या खाद्यतेलाच्या कंपनीत अनुवादक होती. इंग्रजीतून येणारी परिपत्रकं, नियम, पाट्या, सूचना मराठीत करायच्या, हेच काम तिनं उभा जन्म केलं होतं. निवृत्ती आता जवळ आली होती. तिनं टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि कागद हातात घेतला.

'प्रमाणित करण्यात येते की, सांडपाणी टाकी येथे लावलेल्या सुरक्षा सूचनेचा मराठी अनुवाद अचूक असून सर्वसाधारण साक्षर कामगारास सहज समजेल असा आहे.'

"हे कशाला लागलं आता?" तिनं विचारलं.

"चौकशीच्या फायलीत लावाचं आहे. ते लहानूचं प्रकरण नाही का."

लहानूचं प्रकरण सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं. लहानू हा ठेकेदाराकडचा मजूर. कारखान्यातलं सांडपाणी साठवायची एक खोल टाकी आहे. तिच्यातल्या पंपाची नळी अडकली म्हणून तो शिडीनं खाली उतरला. तळाशी साचलेल्या वायूनं त्याची शुद्ध हरपली. वर उभ्या असलेल्या सोबत्यानं आरडाओरडा केला, चार माणसं धावली, कुणीतरी दोराचा फास टाकून त्याला वर ओढलं. जीव वाचला. धरमपेठेत ही बातमी आली तेव्हा सगळ्यांनी चुकचुक केली होती, प्रेमिलानंही.

"पाटी काय लावली होती तिथं?"

"तुम्हीच तं पास केली होती ताई," आनंदराव हसले आणि त्यांनी मोबाईलवरचा फोटो तिच्यापुढे धरला.

निळ्या-हिरव्या रंगातली, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह असलेली सुबक पाटी. वर इंग्रजी मजकूर, खाली मराठी: 'मर्यादित जागा. प्रवेशासाठी परवाना अनिवार्य.'

प्रेमिलानं ते पुन्हा वाचलं. ती ओळ तिच्या ओळखीची होती.

"कागद राहू द्या माझ्याजवळ," ती म्हणाली. "सोमवारी देते."

"आजच मागितला आहे वरून."

"सोमवारी देते, आनंदराव."

ते 'बरं' म्हणून जिना उतरून गेले. आज त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

तीन वर्षांपूर्वी कंपनीत 'कंटेंट सेल' नावाचा विभाग निघाला आणि त्याची प्रमुख म्हणून उन्नती आली. उन्नती धरमपेठेतलीच, पुण्यात शिकून आलेली, प्रेमिलाच्या मुलीच्या वयाची. तोवर कंपनीत ज्याला वाटेल तो विभाग वाटेल ती सूचना काढायचा. मनुष्यबळवाल्यांची एक, कारखान्याची दुसरी, ठेकेदाराची तिसरी. एकाच भिंतीवर रजेचे दोन वेगळे नियम चिकटवलेले असायचे आणि कामगार आपल्या सोयीचा वाचून दाखवायचे. आग लागली तर कोणाला फोन करायचा, याचे तर कारखान्यात निरनिराळे नंबर रंगवलेले होते. त्यातला एक नंबर निवृत्त होऊन अमरावतीला राहायला गेलेल्या माणसाच्या घरचा निघाला. उन्नतीनं तो लावून पाहिला तेव्हा त्याच्या सुनेनं उचलला आणि "आग कुठं लागली वं?" म्हणून घाबरून ओरडली. उन्नती आणि प्रेमिला त्या दिवशी पोट धरून हसल्या होत्या.

तो सगळा उन्हाळा दोघी पाट्या गोळा करत हिंडल्या. नागपूरचं ऊन, डोक्याला ओढणी, हातात मोबाईल. प्रत्येक पाटीचा, प्रत्येक कागदाचा फोटो. मग उन्नतीनं नियम घालून दिले. प्रत्येक सूचना एकाच ठिकाणी ठेवलेली असेल आणि बाकी सगळीकडे तिथूनच जाईल. प्रत्येक सूचनेला एक धनी असेल. ती चुकली तर त्याला विचारायचं. ठरलेल्या मुदतीनंतर ती पुन्हा वाचून पाहायची. आणि नवी लागली की जुनी त्याच दिवशी उतरलीच पाहिजे. प्रेमिलाला हे फार पटलं होतं. आजवर तिनं केलेले अनुवाद कुठे जातात, कोण लावतं, कोण फाडतं, याचा तिला पत्ता नसायचा. आता प्रत्येक ओळीचा ठावठिकाणा तिला बसल्या जागी दिसत होता. इतक्या वर्षांच्या आपल्या कामाला कोणीतरी घर बांधून दिलं, असं तिला वाटलं होतं.

पुढे कंपनीनं आणखी दोन कारखाने विकत घेतले आणि मजकूर चौपट झाला. मग मराठी करायचं काम संगणकाकडे गेलं. इंग्रजी टाकलं की मराठी तयार. प्रेमिलानं फक्त ते नजरेखालून घालायचं आणि बरोबर असेल तर हिरवं बटण दाबायचं. पडून राहिलेल्या ओळी आधी पिवळ्या व्हायच्या, मग लाल. दर सोमवारच्या बैठकीत ती यादी पडद्यावर दाखवली जायची. उन्नती कोणाला बोलायची नाही, नुसती नावं वाचायची. पण सगळ्यांसमोर आपलं नाव लाल रंगात पाहणं प्रेमिलाला कधी सोसलं नाही.

ती ओळ आली तो दिवस तिला आता स्पष्ट आठवत होता. दिवाळीच्या आधीची दुपार, यादी खाली खाली सरकतच होती. 'मर्यादित जागा' वाचून तिचं बोट थबकलं होतं. हे शाळेच्या जाहिरातीसारखं वाटतंय, असं मनात आलं होतं. 'मर्यादित'ऐवजी 'बंदिस्त' हा शब्दही सुचला होता. पण बदल सुचवायचा म्हणजे ओळ परत पाठवायची, कारण लिहायचं, ती मुंबईच्या कचेरीतून फिरून यायची, आणि तोवर लाल होऊन बसायची. नंतर पाहू, असं म्हणून तिनं हिरवं बटण दाबलं. त्या यादीत नंतर असं काही नसायचं. एकदा हिरवी झालेली ओळ डोळ्यांपुढून जायची ती जायचीच.

संध्याकाळी हुडकेश्वरच्या घरी पोहोचल्यावर तिनं पदर खोचून भाकरी थापायला घेतल्या. धम्मदीप, तिचा नवरा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि दिवसभराचं न बोललेलं सगळं बोलून घ्यायचा. आज तो बोलत राहिला आणि तिनं एकदाही 'हं' म्हटलं नाही.

"काय झालं वं? कोणी काही म्हटलं का?"

तिनं सांगितलं. पाटी सांगितली, कागद सांगितला, हिरवं बटणही सांगितलं. भाकरी तव्यावर करपली तेव्हा धम्मदीपनं उठून गॅस बारीक केला.

"करून टाक ना सही. तुयं नाव कोण घेऊन राहिलं त्याच्यात?"

"कोणीच नाही घेऊन राहिलं. लहानूचं घेऊन राहिले. वाचता येते, तरी वाचलं नाही म्हणते."

"अवं, पण रिटायर व्हाले आली तू. आता कायले आगीत हात घालतं? तुया एका सहीनं त्याचं काय होणार आहे?"

"तेच तं मले माहीत नाही."

धम्मदीपनं दोन ताटं मांडली. मग करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेत म्हणाला, "मंग एक काम कर. सही कर नाही तं नको करू, पण आधी त्या माणसाले पाहून ये. न पाहता काही ठरवू नको."

रविवारी ती सीताबर्डीवरून कोराडीच्या बसमध्ये बसली. कोळशाच्या ट्रकांमागून बस रेंगाळत गेली. लहानू कोराडीला, वीज केंद्राच्या वसाहतीच्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहत होता. पत्ता तिनं ठेकेदाराच्या मुकादमाला विचारून घेतला होता. दारासमोरच्या पाण्याच्या ड्रमवर राखेची साय धरली होती. एक बाई ती फडक्यानं बाजूला सारून पाणी काढत होती.

"लहानूभाऊ इथंच राहतात का?"

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोण तुम्ही?"

"मी कंपनीतून आली. प्रेमिला रामटेके."

"सही पाहिजे असन तं नाही भेटत. परवा एक जण आला होता अंगठ्याले शाई लावाले. म्या हाकलून देल्ला."

"सही नको. भेटाले आली."

ती लहानूची बायको, कुसुमताई. तिनं फडकं पिळलं, दाराचा पडदा वर केला आणि आत जायची खूण केली.

लहानू खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीच्या आतला असेल, पण गाल आत गेले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता आणि तो सारखा थरथरत होता. उठायला लागला तसं प्रेमिलानं घाईनं "बसा, बसा" म्हटलं. त्याचा आवाज खरखरीत झाला होता. बोलता बोलता त्याला शब्द सापडायचा नाही. मग तो डोळे मिटून थांबायचा आणि कुसुमताई तो शब्द पुरवायची.

"डॉक्टर म्हणते, होईन हळूहळू बेस," तो म्हणाला. "हवा कमी पडली ना इथं," त्यानं कपाळाला बोट लावलं, "म्हणून."

चहा आला. प्रेमिलानं दोन घोट घेतले. कसं विचारावं ते तिला कळेना. शेवटी तिनं सरळच विचारलं.

"लहानूभाऊ, टाकीजवळ पाटी होती. तुम्ही ती पाहिली होती का?"

कुसुमताईनं लगेच मान वर केली. "पाहा, आला ना तोच सवाल! ठेकेदार तेच म्हणते, तो सायेब तेच म्हणते. वाचता येत असून वाचलं नाही म्हणते यानं. अहो, हा माणूस भज्याचा कागद वाचल्याबिगर फेकत नाही."

"तू थांब वं," लहानू म्हणाला. त्याचा चेहरा दुखावल्यासारखा झाला होता. "मॅडम, सातवी पास हाओ मी. म्या वाचली ना पाटी. लावली त्याच दिवशी वाचली."

"काय वाटलं वाचून?"

त्यानं डोळे मिटले. ओठ हलले, जणू ती पाटी तो पुन्हा समोर आणत होता. "मर्यादित जागा... प्रवेश... असं होतं. आमची पोरगी नर्सिंगले आहे ना, तिच्या कॉलेजच्या गेटावर असाच बोर्ड राहते. मर्यादित जागा, प्रवेश सुरू. मले वाटलं, भरतीचा बोर्ड होय. कंपनीच्या शाळेचा-बिळेचा असन. कोणाले तरी लावाले सांगतला असन, अन् त्यानं आणून टाकीवर ठोकला." तो किंचित हसला. "म्या तं सोबत्याले म्हटलं बी, इथं कोण ॲडमिशन घेईन गा?"

प्रेमिलाचा चहा तसाच राहिला.

"पहिले तिथं कवटी होती," लहानू पुढे म्हणाला. "टिनाचा बोर्ड, लाल कवटी. तवा कोणी उतरे नाही. ते काढली ना, तं मले वाटलं, आता साफ केली असन टाकी. खतरा गेला असन."

बाहेरच्या रस्त्यावरून ट्रक गेला तशी मांडणीवरची भांडी थरथरली. प्रेमिलानं कप खाली ठेवला.

"तो बोर्ड मी पास केला होता," ती म्हणाली. "मराठीचं काम माझ्याकडं आहे. मले तेव्हाच खटकला होता. कामाच्या घाईत मी जाऊ दिला."

लहानू तिच्याकडे पाहत राहिला. त्याला समजलं की नाही, हे तिला समजेना. कुसुमताईला मात्र समजलं. तिनं पुढे होऊन बशी उचलली, कप उचलला, आणि ते घट्ट धरून तशीच उभी राहिली.

"मंग इथं काहून आल्या तुम्ही? माफी मागाले?"

"यांनी काय वाचलं, ते ऐकाले आली होती."

"ऐकलं?"

"हो."

"मंग आम्हाले काय सांगता? तिथं जाऊन सांगा." कुसुमताईचा आवाज चिरकला. "याच्या नावावर जे लिहून राहिले ना, ते खोडा. इलाज आम्ही कसाबी करू. पण उद्या सारी कंपनी म्हणन, लहानू आपल्या मूर्खपणानं मेला असता. याले ते लागते, मॅडम. रातभर तेच बोलते."

प्रेमिला उठली. निघताना तिनं हात जोडले. लहानूनं डाव्या हातानं उजवा हात धरला, तो स्थिर केला, आणि मग दोन्ही हात जोडले.

सोमवारी सकाळी बैठकीच्या आधीच ती उन्नतीच्या केबिनमध्ये गेली. आनंदराव तिथं बसलेलेच होते. तिनं त्यांचा कागद सहीविना टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी आपल्या हातानं लिहिलेला दुसरा.

उन्नतीनं तो वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. त्यात प्रेमिलानं लिहिलं होतं की मूळ इंग्रजीचा अर्थ बंदिस्त जागा असा आहे, पाटीवरच्या मराठीचा अर्थ कमी जागा असा होतो. सर्वसाधारण साक्षर माणसाला त्यातून धोका कळणं शक्य नाही. आणि हा मजकूर तिनं स्वतः, शंका आलेली असताना, मंजूर केला आहे.

"ताई, एका शब्दापायी कोणी टाकीत उतरते का?" आनंदराव म्हणाले. "ट्रेनिंग दिलं राहते या लोकांले."

"लहानूले दिलं होतं?"

आनंदरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. "ठेकेदारानं द्याचं असते ते."

"मग मी आपल्या वाटचं लिहिलं आहे," प्रेमिला म्हणाली. "बाकीच्यांनी आपापल्या वाटचं लिहावं."

"प्रेमिलाताई," उन्नती सावकाश म्हणाली, "तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ काय होईल? त्या ओळीपुढे मंजुरी म्हणून तुमचं एकटीचं नाव आहे. संगणकाचं नाव कोणी घेणार नाही. मुदतीचं घेणार नाही. हे वर गेलं की मला ते थांबवता येणार नाही. एक दिवस थांबा. विचार करा."

"रविवारभर तोच केला, मॅडम." प्रेमिला तिला मॅडम फार क्वचित म्हणायची. "प्रत्येक सूचनेला एक धनी असला पाहिजे, हे तुम्हीच सांगितलं होतं. मला ते पटलं होतं. अजून पटतं."

उन्नतीनं कागदाची कड बोटानं सरळ केली. तिचे डोळे कागदावरच होते.

"जुन्या पाटीवर कवटी होती," ती म्हणाली. "नव्या नमुन्यात ती बसत नव्हती. चित्रं नकोत, फक्त कंपनीचं चिन्ह, असं मी ठरवलं होतं. काढायला मीच सांगितली." मग तिनं विचारलं, "कसा आहे तो?"

"हात थरथरतो. शब्द सापडत नाहीत."

उन्नतीनं पेन घेतलं, प्रेमिलाच्या कागदाखाली कवटीबद्दलच्या दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. आनंदराव उठले आणि दार हळूच ओढून बाहेर गेले.

पुढचं सगळं फार संथ झालं, जसं मोठ्या कंपनीत होतं. मुंबईहून दोन माणसं आली, टाकीभोवती फिरून फोटो काढून गेली. प्रेमिलाला तीनदा बोलावणं आलं आणि तिन्ही वेळा तिनं तेच सांगितलं. कार्यालयात लोक दोन्ही बाजूंनी बोलले. कोणी म्हणालं, बाईनं हिंमत केली. कोणी म्हणालं, जाता जाता उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. डब्याच्या वेळी तिच्या टेबलावर रोज बसणाऱ्या कामिनीनं एके दिवशी डबा दुसरीकडे हलवला, आणि आठवड्यानं परत आणला. प्रेमिलानं तिला जागा करून दिली.

शेवटी अहवाल आला. त्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे शब्द नव्हते. लहानूचा औषधोपचार कंपनीनं करायचा आणि तो बरा झाला की त्याला झेपेल असं काम द्यायचं, असं ठरलं. सुरक्षेच्या सूचना त्या यादीतून बाहेर काढल्या गेल्या. उन्नतीनं भांडून नियम करून घेतला, की अशी पाटी लागण्याआधी कारखान्याच्या कँटीनमध्ये कामगारांना वाचायला द्यायची, त्यांना काय समजलं ते त्यांच्या तोंडून ऐकायचं, आणि ते जुळलं तरच जुनी उतरवायची. टाकीवर कवटी परत आली.

प्रेमिलाला मेमो मिळाला. अनुवादाचं काम तिच्याकडून काढून घेण्यात आलं आणि निवृत्तीपर्यंत तिची बदली काटोल रोडच्या कारखान्यात, फाटकाजवळच्या प्रवेशपत्राच्या खिडकीवर झाली. उन्नतीनं तो मेमो स्वतः आणून दिला, दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवला नाही. दोघी जिन्यात थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"मी खूप प्रयत्न केला, ताई."

"माहीत आहे," प्रेमिला म्हणाली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरली.

खिडकीवरचं काम सोपं होतं. आलेल्याचं नाव विचारायचं, ओळखपत्र पाहायचं, फोटो काढायचा, छापलेलं प्रवेशपत्र द्यायचं, सही घ्यायची. पहिले काही दिवस तिला फार जड गेले. समोरच्या भिंतीवर एक सूचना होती, तिच्यात 'सर्व अभ्यागतांनी' असं लिहिलेलं होतं. दिवसभर ती पाहुण्यांना त्या शब्दापाशी अडखळताना पाहायची आणि तिचा हात नकळत पेनाकडे जायचा. मग ती पेन ठेवून द्यायची. घरी गेल्यावर धम्मदीप विचारायचा, "काय केलं आज?" ती म्हणायची, "लोकांले आत सोडलं." आणि दोघंही हसायचे.

थंडी ओसरत आली तेव्हा एका सकाळी, पाळी बदलायच्या गर्दीत, लहानू खिडकीसमोर उभा राहिला. बागेच्या कामावर त्याला घेतलं होतं आणि नवं प्रवेशपत्र करायचं होतं. कुसुमताई फाटकाबाहेर थांबली होती. तिनं लांबूनच प्रेमिलाला पाहिलं आणि मान किंचित हलवली.

"नाव?" प्रेमिलानं रीतसर विचारलं, कारण विचारावंच लागायचं.

त्यानं पूर्ण नाव सांगितलं, एकही शब्द न अडखळता, आणि स्वतःवरच खूश झाला. तिनं फोटो काढला. प्रवेशपत्र छापून आलं. तिनं ते आणि पेन त्याच्याकडे सरकवलं.

"इथं सही करा, लहानूभाऊ."

त्यानं पेन घेतलं नाही. प्रवेशपत्र उलटं केलं, मागच्या बाजूचे बारीक अक्षरांतले नियम डोळ्यांजवळ धरले आणि ओठ हलवत वाचायला लागला. हात थरथरत होता म्हणून त्यानं कार्ड खिडकीच्या कट्ट्यावर दाबून धरलं. मागची रांग चुळबुळायला लागली. भोंगा व्हायला आला होता.

"ओ काका, चला ना, लेट होऊन राहिला," कोणीतरी मागून ओरडलं.

लहानूनं वळून पाहिलं नाही. त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे 'उपरोक्त' म्हणजे काय होय?"

"वर लिहिलेलं."

"वर लिहिलेलं," तो म्हणाला. त्यानं वरची ओळ पुन्हा वाचली, मग खालची, आणि दोन्हींचा मेळ बसल्यावर मान हलवली. "अन् हे, 'हस्तांतरणीय नाही'?"

"दुसऱ्याले द्यायचं नाही. तुमचं आहे ते फक्त."

रांगेतून पुन्हा आवाज आला. प्रेमिलानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरून रांग थांबवली.

"वाचू द्या त्यांना," ती म्हणाली. "वाचा, लहानूभाऊ. सावकाश वाचा."

लहानूचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं.